भिंतीला भोक पाडायचं नाही

"हडपसर सोडलं," असा माझ्या भावाचा, सौरभचा, मेसेज आला. म्हणजे फार तर दीड तास. तो लातूरहून बाबांना घेऊन येत होता. बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन जेमतेम दोन महिने झालेले, आणि माझ्या बाथरूममध्ये धरायला दांडा नाही. मागच्या खेपेला ते इथंच तर घसरले होते. दांडा आणून चार दिवस झाले, पण घरमालकीण सारजाबाई. पुण्याजवळच्या सूसमध्ये जागा देतानाच तिनं बजावलं होतं, भिंतीला भोक पाडायचं नाही. विचारलं तर नाहीच म्हणणार, म्हणून मी विचारलंच नाही.

ऑफिसातल्या निषादचं ड्रिल मागून आणलं होतं. ड्रिलच्या तोंडाशी असलेल्या चकात भोक पाडायचं बिट खुपसलं, चकाची चावी लावून एकदा पिळली आणि बटण दाबलं. बिट डगडगलं आणि टाइलवरून सर्रकन घसरलं. पुन्हा दाबलं. आता चक गरगर फिरतोय आणि बिट जागच्या जागी. मेलं ते ड्रिल, आणि मेली मी.

"काय लावलंय गं?" सारजाबाई दारात उभी. खोटं बोलायचं त्राणच नव्हतं, सगळं सांगून टाकलं. तिनं टाइलवरचा ओरखडा पाहिला, मग माझ्याकडं पाहिलं आणि हात पुढं केला.

"आण हिकडं. चकाच्या दोनच दातांच्या मधी घातलंयस, मग वाकडंच फिरणार. दात तीन हायेत, मधोमध धर." तिनं चक हातानं आवळला. "आता चावी. चकाच्या एका भोकात पिळून भागत न्हाई, तिन्ही भोकांत पिळायची. आन् सुरू करायच्या आदी काढायची, न्हाईतर तोंडावर यील."

"काकू, तुम्हाला कसं येतं हे?"

"मळ्यातल्या ठिबकच्या पायपांना भोकं कोण पाडतंय? मीच की."

चार भोकं तिनंच पाडली, त्यांत प्लास्टिकचे गट्टू, वर चार स्क्रू. मग तिनं दांडा दोन्ही हातांनी धरला आणि पाय उचलून चक्क लोंबकळली. दांडा हलला नाही. मला रडू फुटलं.

"रडतीस कशाला? असला दांडा कुटं मिळतोय, ते सांग."

"तुम्हाला कशाला?"

"आमच्या ह्यांना." ती खालच्या आवाजात म्हणाली. "मंगळवारी न्हाणीत पडले. कुणाला सांगू नको म्हणाले, हैबतराव पडले म्हणून गावात व्हईल. मी मळ्यात हुते. दोन तास तितंच पडून हुते, हाक न्हाई मारली."