गाठीतले किडे

वाटूरच्या पुढं, रस्त्याकडेच्या मळ्यात गुरुवारी पाय ठेवायला जागा नसते. धूरवाले महाराज कानावाटे गाठीतले किडे काढतात, ही बातमी मंठ्यापासून जुन्या जालन्यापर्यंत पोचली होती. परातीत पाणी, पाण्यात वीट, विटेवर लाल तापलेला नांगराचा फाळ. महाराज त्यावर तेलात भिजवलेलं औषध टाकत आणि वर भोकाचं मडकं पालथं घालत. भोकातून निघणारी नळी रोग्याच्या कानाला लावत. धूर संपला की मडकं उचलायचं. पाण्यावर पांढरे किडे तरंगत. लोक हात जोडत.

आज सोमेश्वर आपल्या मीनाला घेऊन आला होता. तिच्या कानापुढं गाठ होती. डॉक्टरनं कॅन्सरचा संशय सांगून जालन्याच्या दवाखान्यात तपासायला धाडलं होतं. मागं त्याचा थोरला भाऊ कडूबा आणि त्यानं सोबत आणलेल्या, मंठ्याच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या कल्याणीबाई उभ्या होत्या.

"पोरीनं तंबाखूला कधी हात लावला न्हाई," सोमेश्वर म्हणाला. "मंग कॅन्सर कसा होईल? करणीच हाय."

"बराबर!" महाराज खूश झाले. "डॉक्टर म्हणतो, लाखात एखाद्याला होतो. मंग लाखातून हिलाच कुणी निवडलं? डोळे मीट, बेटा."

मीनानं डोळे मिटले. एकच मिटला. दुसरा अर्धा उघडा राहिला, नुसता पांढरा.

कडूबा पुढं सरकला. त्याच्या बायकोचा, तुळजाबाईचा डोळा असाच राहायचा. झोपेतसुद्धा. अशाच गाठीनं ती जाऊन वर्षही झालं नव्हतं.

महाराजांनी फाळावर औषध टाकून मडकं पालथं घातलं. नळी मीनाच्या कानाला लागायच्या आत कडूबानं ती ओढली आणि समोरच्या ढिगातल्या एका नारळाला लावली.

"महाराज, आधी याचा कान साफ होऊ द्या."

"दादा, काय करून राह्यलास!" सोमेश्वर ओरडला.

धूर संपला. कडूबानं मडकं उचललं. पाण्यावर किडे होते. नेहमीइतकेच.

"नारळावरबी करणी झाली की काय, बाई!" मागून गर्दीतली चांगुणाबाई म्हणाली. काहीजण हसले.

कल्याणीबाईंनी औषधाची वाटी उचलली. "हे रिंगणीचं बी. बांधावरच्या काटेरी रिंगणीचं. तापलं की तडकतं, आतला पांढरा कोंब उडून पाण्यात पडतो. पाणी हललं की तोही हलतो. तोच हा किडा."

"मंग माझी गाठ कशी बसली?" महाराजांचा चेला कारभारी पुढं आला. "एवढे लोक बरे झाले, ते खोटं?"

"कानापुढच्या काही गाठी सुजेच्या असतात, आपोआप बसतात. बऱ्याच साध्या असतात. थोड्या जीव घेतात. डोळा मिटेनासा झाला, तर गाठ चेहऱ्याच्या मज्जातंतूपर्यंत पोचलेली असू शकते. कोणती कशी, ते तपासल्याशिवाय कळत नाही. आणि लाखात एक म्हटलं, तरी एवढ्या मोठ्या जिल्ह्यात दरवर्षी काहीजण निघणारच. त्यांना कुणी निवडलेलं नसतं."

कडूबा कारभाऱ्याकडं वळला. "तू बरा झालास, म्हणून दर गुरुवारी येऊन सांगतोस. माझ्या तुळजाचेबी किडे याच परातीत पडल्ते. ती कशी येणार सांगायला?"

मीना उठली. "बाबा, जालन्याला चला. आत्ता. जल्दी."

सोमेश्वरनं गाडी काढली. मीनानं ओढणीनं उघडा डोळा झाकून घेतला. मागं मळ्यात पुन्हा धूर निघाला होता.

मीनाला उशीर झाला की नाही, ते तपासणीच सांगेल. तुमच्या घरात कुणाला गाठ दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. आणि अमक्या ठिकाणी इतके बरे झाले असं कुणी सांगितलं, तर एवढंच विचारा: जे गेले, त्यांना मोजलं का?