कडं तिरकं झालं तेव्हा

वादळ ओसरलं. माशांचा पिंजरा अजून पाण्याखालीच होता.

मुद्दाम बुडवला होता. तो बांधणाऱ्या इंजिनीअर बाईचं म्हणणं असं की लाटांशी भांडायचं कशाला, खाली जाऊन गप्प बसावं. पिंजऱ्याचं गोल कडं म्हणजे जाड पोकळ नळी, आत कप्पे. कप्प्यांत पाणी भरलं की बुडी, हवा भरली की वर. बुडायला काय, दगडही बुडतो. आता तो सपाट वर यायला हवा होता. तिरका आला तर जाळं गोळा होणार, मासे कोपऱ्यात चेंगरणार, आणि बोटीवर खुर्ची टाकून बसलेल्या मालकीणबाई म्हणणार, पुरे तुझे प्रयोग.

तिने सगळ्या कप्प्यांत सारखी हवा सोडली.

बुडबुडे.

बुडबुडे.

अलीकडची बाजू

वर.

पलीकडची

पत्ताच नाही.

तेवढ्यात पाणबुड्याने, म्हणजे तिच्याच नवऱ्याने, डोकं बाहेर काढलं. "अगं, पलीकडे शिंपल्यांचा हा एवढा थर."

मग अलीकडे का नाही? बोटीवर सगळे एकदम समुद्र न्याहाळू लागले. शेवटी मुकादम पुटपुटला की मालकीणबाई येणार म्हणून बोट लागते तेवढी बाजू घासून लख्ख केली होती.

"पाहुणे येणार म्हणून अर्धीच दाढी केलीत," ती म्हणाली.

अलीकडची हवा तिने बंद केली. आत भरलेली बाहेर सोडून दिली असती तर सगळंच परत खाली गेलं असतं. या बाजूला वजन हवं होतं, आणि लगेच. तिची नजर बोटभर फिरली आणि खुर्चीवर थांबली. मालकीणबाईंचं वजन हा विषय कंपनीत कुणी काढत नसे.

"मॅडम, जरा कड्यावर उभ्या राहाल?"

मालकीणबाईंनी तिच्याकडे बघितलं, कड्याकडे बघितलं, आणि चपला काढल्या.

"डॉक्टर कधीचा कमी करा म्हणतोय. बरं झालं ऐकलं नाही."

त्यांच्यामागून मुकादम, पंपवाला, स्वयंपाकी, सगळे हातात हात घालून कड्यावर. कडं कुरकुरलं, दबलं. तिने फक्त पलीकडे हवा सोडली. आणि हळूहळू, लग्नाला उशिरा पोचलेल्या मामासारखी, शिंपल्यांनी लगडलेली ती बाजू

वर

आली. सपाट.

नवरा परत बुडी मारून आला. मासे ऐसपैस फिरत होते.

कंबरेपर्यंत भिजलेल्या मालकीणबाई हसत कड्यावरच बसल्या. "दुसरा पिंजरा कधी बांधतेस? मात्र त्याला माझ्याऐवजी काहीतरी सोय कर."