ताटलीसकट वजन

मी एक जुना वजनकाटा आहे. टास्मानियात डरवेंट नदीच्या वरच्या अंगाला एक लाकडी घर आहे, त्या घरातल्या स्वयंपाकाच्या ओट्यावर माझी जागा. अंगाचा हिरवा रंग दोन ठिकाणी उडालाय, काचेवर एक चरा आहे, पण सुई अजून खरं बोलते. मित्रांनो, वजनकाट्याकडून एवढंच मागितलं जातं, आणि तेवढं मी पन्नास वर्षं निमूटपणे दिलं. तरीही मागच्या उन्हाळ्यात माझ्या गैरहजेरीत या घरात असा घोळ झाला, की एक बाई बिअरच्या ग्लासापुढे बसून रडली.

मी कुठल्या कारखान्यात घडलो ते मला आठवत नाही. स्वतःचा जन्म कोणाला आठवतो? शुद्धीवर आलो तो न्यू नॉर्फोकमधल्या एका दुकानाच्या काचेआड. देशात औंस-पौंड जाऊन नुकतेच ग्रॅम आले होते, आणि बायका दुकानात येऊन त्या ग्रॅमांच्या नावानं बोटं मोडत होत्या. त्यांतलीच एक मर्ल. नवं लग्न झालेलं, केक दोनदा बसलेला. तिनं मला उचललं, घरी आणलं आणि तिसरा केक फुगला. नवऱ्यानं, क्लॅरीनं, केकचं कौतुक केलं. माझं कोणी केलं नाही, पण मी मनाशी म्हटलं, चालायचंच.

बरीच वर्षं मी पीठ तोललं, साखर तोलली, जॅमच्या दिवसांत अंगावर रास्पबेरीचे लाल डाग मिरवले. मग क्लॅरीला घरी बिअर गाळायचा नाद लागला आणि एका रविवारी त्यानं मला बगलेत मारून मागच्या शेडमध्ये नेलं.

"माझा काटा घेऊन निघालास? आता केक काय डोळ्यांनी तोलू?" मर्ल दारातून ओरडली.

"तुझा डोळ्यांनी तोललेलाच बरा होतो!"

यावर एक ओला टॉवेल उडत आला तो मलाच लागला.

क्लॅरी पोटापाण्याला रास्पबेरीच्या बागेत वजन घ्यायचा. तोडणाऱ्यांनी भरलेला डबा आणून ठेवायचा, क्लॅरीनं डब्यासकट वजन मोठ्यानं पुकारायचं आणि तेच फळ्यावर लिहायचं. डबे सगळे एका मापाचे, त्यांचं वजन मागाहून एकदम वजा होई. बावीस हंगाम त्यानं हेच केलं. माणसाच्या हाताला अशी सवय लागली की ती डोक्याला विचारत नाही.

शेडमध्ये त्यानं माझ्या डोक्यावर स्कॅलप नावाच्या शिंपल्याच्या पाईची रिकामी ताटली ठेवली. पातळ, अ‍ॅल्युमिनियमची, बरोबर वीस ग्रॅमची. तिच्यात हॉप्स पडायचे. हॉप्स म्हणजे वेलीवर लटकणारी, हिरव्या कागदाच्या घड्या घातल्यासारखी फुलं. चोळली की बोटांना चिकटतात आणि वास असा सुटतो की वाटावं, लिंबाच्या झाडाखाली कोणीतरी गवत कापतंय. आमच्या खोऱ्यात ती मैलभर तारांवर चढलेली असतात. शेडच्या भिंतीवर क्लॅरीनं स्वतःची एक वेल चढवली होती, कॅस्केड जातीची.

सुरुवातीची त्याची बिअर नुसती कडू. मग हॉप्सच्या नव्या जाती आल्या आणि क्लॅरी त्या मिसळायला शिकला. पातेल्याखालची आच बंद केल्यावर तो त्या घालायचा, वास उडू नये म्हणून. त्याआधी प्रत्येक जात तळहातावर चोळून नाक खुपसून बसायचा. त्याच्या पेल एल नावाच्या फिकट बिअरमध्ये तीन जाती असत. त्यांबद्दल तो म्हणे, "घरात गप्पा रंगायला एक बोलणारा लागतो, एक ऐकणारा, आणि एक दारातून डोकावून जाणारा. तिघंही बोलायला लागले तर त्याला गप्पा म्हणत नाहीत, भांडण म्हणतात." कॅस्केड बोलणारी. एला ऐकणारी, मऊ फुलांच्या वासाची. आणि गॅलॅक्सी डोकावणारी. ती भारी आवाजाची, पिकल्या पॅशनफ्रूटच्या वासाची. फार वेळ थांबली तर घशाला खरखर सोडून जाते.

किती वेळा फसला, किती वेळा शेडमागच्या गवताला बिअर पाजली, ते मी पाहिलंय. शेवटी जमलं तेव्हा त्यानं वहीत लिहिलं: कॅस्केड पन्नास, एला चाळीस, गॅलॅक्सी तीस. मी दाखवलं तेच त्यानं लिहिलं. ताटलीसकट. मित्रांनो, मला दाखवता येतं, सांगता येत नाही.

मार्चअखेर हॉप्सची तोडणी संपली की आमच्या रस्त्यावरची माणसं कोणाच्या तरी अंगणात जमतात, आपापली बाटली घेऊन. पहिली बाटली क्लॅरीची उघडायची हा रिवाज पडून गेला होता. मागच्या जुलैत, म्हणजे इकडच्या ऐन थंडीत, क्लॅरी गेला. शेडला कुलूप लागलं. माझ्यावर पोतं पडलं आणि पोत्यावर धूळ. माझ्या सुईवर एका कोळ्यानं घर केलं. मी त्याला भाडं मागितलं नाही, सोबत होती.

घरात काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. मर्लनं ठरवलं होतं की यंदाही पहिली बाटली क्लॅरीचीच उघडायची. क्लॅरीच्या हातची एकच बाटली उरली होती, ती तिनं जिन्याखाली फडक्यात गुंडाळून जपली होती. ती उघडायची नव्हती. म्हणून वही घेऊन ती स्वतः बिअर करायला बसली. लेकीनं दिलेल्या नव्या, आकडे उजळणाऱ्या काट्यावर ग्रॅम न् ग्रॅम मोजून तिनं दोनदा बिअर केली. दोन्ही वेळा ती तोंडात धरवेना. शेजारचा नेव, क्लॅरीचा चाळीस वर्षांपासूनचा दोस्त, चव घेऊन, ग्लास खाली ठेवून नदीकडे वळला.

"बोल की," मर्ल म्हणाली.

"डोकावणारा आत आलाय, मर्ल. सोफ्यावर बसलाय. बूट पण काढले नाहीत त्यानं."

त्यावर मर्ल हसली आणि हसता हसता रडायला लागली. पन्नास वर्षं एका छताखाली काढली, आणि त्या माणसाची साधी बिअर आपल्याला जमत नाही! क्लॅरीनं स्वतः तोडून वाळवलेली कॅस्केड फ्रीजरमध्ये आता एकाच खेपेपुरती होती. ही फसली की संपलं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी तिनं शेडचं कुलूप काढून ती शेवटची खेप चढवली. पातेलं उकळलं, आच बंद झाली, आणि नव्या काट्यानं डोळे मिटले. त्याचा सेल संपला होता. दुकानं बंद. पातेलं काही सोमवारपर्यंत थांबणार नव्हतं.

"क्लॅरीचा काटा असेल बघ इथंच," नेव म्हणाला.

पोतं उचललं गेलं. उजेड आला. मर्लनं फडक्यानं माझं तोंड पुसलं, कोळ्याला हलक्या हातानं भिंतीवर सोडलं. ताटली काही निघेना; हॉप्सच्या चिकानं ती माझ्या डोक्याला धरून बसली होती.

"हा मेला वीस दाखवतोय," मर्ल म्हणाली. "काही ठेवलंच नाहीये."

"ताटलीचे आहेत ते. मागचा स्क्रू पिळ, शून्यावर आण आधी."

मर्लनं बोटांनी स्क्रू धरला. तो हलेना. तिनं वाकून पाहिलं आणि तशीच वाकून राहिली.

"नेव, यावरचा कारखान्याचा रंगसुद्धा फुटलेला नाही. हा स्क्रू कधीच कोणी फिरवला नाहीये."

"मग क्लॅरी शून्यावर कसा आणायचा?"

मग नेवनं कपाळावर हात मारला. "डब्यासकट! अगं, बावीस वर्षं तो डब्यासकटच वजन पुकारायचा. रिकामा डबा म्हातार्‍यानं जन्मात कधी तोलला नाही!"

"पन्नासातून वीस गेले," मर्ल बोटांवर मोजू लागली. "तीस. चाळीसातून वीस, वीस. आणि तिसातून…"

"दहा," नेव म्हणाला. "चिमूटभर. डोकावण्यापुरतं."

"मेल्या क्लॅरी!" मर्ल छताकडे बघून ओरडली. "दोन पातेली बिअर गवताला पाजली मी!"

"तोही पाजायचाच की," नेव म्हणाला.

मग मर्लनं स्क्रूला पुन्हा हात न लावता माझ्या ताटलीत कॅस्केड ओतायला सुरुवात केली. सुई पन्नासावर येईतो तिनं श्वास धरला होता. मीही धरला होता, पण माझं कोणाला कळतं?

मार्चअखेरीस माणसं याच अंगणात जमली. मर्लनं मला शेडमधून परत घरात आणलं होतं, त्यामुळे ओट्यावरून खिडकीतून दिसत होतं. मर्लनं पहिली बाटली उघडली, नेवच्या हातात ग्लास दिला. नेव प्यायला. पुन्हा प्यायला. मग तो पत्र्याच्या खुर्चीत मागे टेकला आणि म्हणाला, "आला, 'कसे आहात' म्हणाला, आणि गेला." कोणीतरी टाळी वाजवली. मर्ल जिन्याखाली गेली आणि फडक्यातली बाटली घेऊन आली.

"ही नको उघडू गं," नेव म्हणाला. "शेवटची आहे."

"जुळतंय की नाही ते मला बघायचंय."

तिनं क्लॅरीची बाटली उघडली, वास घेतला, घोट घेतला आणि ग्लास नेवकडे दिला. नेवच्या चेहऱ्यावरून मी ओळखलं. हॉप्सचा वास टिकत नाही, मित्रांनो. बाटलीत कितीही जपा, महिन्यामहिन्यानं तो विरत जातो. क्लॅरीच्या बाटलीत उरला होता थोडा मधाचा आणि थोडा ओल्या पुठ्ठ्याचा वास.

मला वाटलं, आता मर्ल पुन्हा रडणार. पण तिनं स्वतः केलेल्या बिअरचा एक घोट घेतला, मग आणखी एक, आणि म्हणाली, "म्हणजे क्लॅरी यात आहे." जुनी बाटली तिनं वेलीच्या मुळाशी ओतली. वेलीवर यंदाची कॅस्केड लगडली होती. दुसऱ्या दिवशी तोडली, वाळवली, माझ्यावरच तोलली.

आता मी पुन्हा घरातल्या ओट्यावर आहे. केकचं पीठ आणि हॉप्स, दोन्ही माझ्याकडेच. ताटली अजून डोक्यावर आहे. वहीत क्लॅरीच्या तीन ओळींखाली मर्लनं पेन्सिलीनं चौथी ओळ लिहिली आहे: ताटलीसकट.

तर मित्रांनो, घरातलं जुनं काही अडगळीत टाकण्याआधी एकदा हातात घेऊन बघा. कोणाच्या तरी हाताची सवय त्याला चिकटलेली असेल. आणि जपायचंच असेल तर फडक्यात गुंडाळून ठेवू नका; वापरा. मला पुसायला आलात तर जरूर पुसा, मला आवडतं. फक्त ताटली ओढू नका. ती आता माझी टोपी आहे, आणि तिच्याशिवाय या घरात मी खोटा ठरेन.