आठ बैल, एक हाळी

बिनबैलाच्या माणसानं इर्जिक घालावी, हे गावात कुणी ऐकलं नव्हतं. इर्जिक म्हणजे आज तू माझ्या रानात बैल घेऊन ये, उद्या मी तुझ्या. मुंजाजीकडं उद्या न्यायला काय होतं? तीस वर्षं त्यानं गावची गुरं गायरानात वळली, पण स्वतःच्या दावणीला एक शेपूट नाही. आता सरकारनं वाटलेली सिलिंगची एकरभर जमीन नावावर झाली, तर तिच्यात कुंदा माजलेला. कुंद्याच्या मुळ्या हातभर खोल, साध्या नांगराला दाद देत नाहीत. त्याला लोखंडी नांगर पाहिजे आणि ओढायला आठ बैल.

तरी चार घरांनी एकेक जोडी द्यायचं कबूल केलं. मुंजाजीच्या बायकोला, कस्तुराबाईला त्याचं कोण अप्रूप! पहाटेच तिनं पुरण शिजवलं आणि पाटी डोक्यावर घेऊन रानात आली. नांगर चुडाव्याच्या पाव्हण्यांचा, एकाच दिवसाच्या बोलीवर आणलेला. आज रान उलटलं नाही तर यंदाची पेरणी बुडालीच.

आणि सूर्य डोक्यावर आला तरी नांगराचे तीन चर, तीन तासं धड निघाली नव्हती.

निघतील कशी? चार जोड्यांचे चार धनी. प्रत्येकाच्या हातात आपापला आसूड, तोंडात आपापली आरोळी. दत्तरावांची जोडी पंचक्रोशीत नावाजलेली, म्हणून मानानं सगळ्यात पुढं. ती उसळली की मागची बन्सीधरची उभी. बन्सीधर ओरडला की त्याच्या मागची बिचकायची. साखळी घटकेत ढिली, घटकेत ताठ, आणि नांगर टणाटणा उड्या मारत वर. पिंगळीच्या रस्त्यानं एक सायकलवाला चालला होता. त्यानं विचारलं, "कुणाचं औत हाय हो?"

"पुढची जोडी माझी!" दत्तराव मिशीवर हात फिरवत म्हणाले.

"दुसरी माझी!" बन्सीधर कशाला मागं राहतोय?

औत कुणाचं ते कुणी सांगितलंच नाही. सांगायला औत होतं कुठं, नुसते आठ बैल होते.

कस्तुराबाईचा जीव वरखाली व्हायला लागला. आणि तिचा नवरा? हा भला माणूस तांब्या घेऊन सगळ्यांना पाणी पाजत फिरत होता! त्याला कळत नव्हतं असं नाही. पण बैलाचा धनी समोर असताना दुसऱ्यानं त्या बैलाला हाळी घालायची नाही, ही गावची रीत. मुंजाजी एक वेळ मरेल, पण रीत मोडायचा नाही.

शेवटी दत्तरावांनी आसूड खांद्यावर टाकला. "मुंजाजी, जुळंना गड्या. बैलाचा मेळच न्हाई. सोडू आता, पुढल्या साली बघू."

कस्तुराबाईनं पाटी खाली आदळली, पदर सारखा केला आणि सरळ औतासमोर येऊन उभी राहिली.

"दत्तराव मालक, बैलाचा मेळ हाय. मेळ तुमचा न्हाई!"

चौघेही आ वासून बघायला लागले.

"वासरं होती तवापासून हे आठी जण एका झाडाखाली बसलेत, रोज सांजच्याला ह्यांच्या एका हाळीवर घरी आलेत. आन तुमी चौघं चार तोंडांनी आरडायलाय! त्यांनी ऐकावं कुणाचं? आसूड ठिवा खाली अन् गप बसा."

"अगं, काय बोलायलीस?" मुंजाजी कावराबावरा झाला.

बन्सीधरला हसू फुटलं. "घाला हाळी, मुंजाजी दादा. वहिनीनं आमाला तर बसवलंच, आता तुमी बैल चालवा."

मुंजाजी औताजवळ गेला. एकेका बैलाच्या पाठीवरून त्यानं हात फिरवला, मग खाली मान घालून म्हणाला, "मालक, रागावू नका. तुमची जोडी मागं घ्यावी लागंल, नांगराजवळ."

"माझी जोडी? मागं?"

"लय ताकद हाय तिच्यात. खरा भार मागंच असतोय, तो तिलाच पेलंल. म्होरं बन्सीधरची लावू. सावकाश चालती, पण थांबत न्हाई. गुरं घरी येताना तीच म्होरं असायची."

दत्तराव लाल झाले. पण खोटं काय होतं त्यात? त्यांनी आपल्या हातानं जोडी सोडली आणि मागं आणून जुंपली.

"ह्योऽऽ रं, ह्योऽऽ!"

सोळा कान एकदम उभे राहिले. साखळी कुरकुरली, ताठ झाली आणि ताठच राहिली. नांगर जमिनीत रुतून बसला. कुंद्याच्या मुळ्या तटातटा तुटायला लागल्या, काळीभोर ढेकळं उताणी पडायला लागली. कस्तुराबाईची छाती अभिमानानं भरून आली. ज्याला सगळं गाव नुसतं 'ए गुराख्या' म्हणत आलं, तो तिचा नवरा आठ बैल एका शब्दावर चालवत होता. बघा म्हणावं आता, डोळे फाडून बघा!

दिवस कलला. एकच तास ओढायचं राहिलं होतं, तेवढ्यात दुपारचा सायकलवाला परत आला आणि पाय टेकून बघतच राहिला.

"कुणाचं औत हाय हो? लय एकजीव चालायलंय!"

बन्सीधरनं तोंड उघडलं, पण दत्तरावांनी त्याला हातानं थांबवलं.

"मुंजाजीचं!" ते रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं ओरडले. "आठी बैल मुंजाजीचे!"

मुंजाजीच्या घशातली हाळी तिथंच अडकली. त्यासरशी आठही बैल जागच्या जागी थांबले.

"आता काय झालं?" दत्तरावांनी विचारलं.

"काई न्हाई मालक," कस्तुराबाई पदरानं स्वतःचेच डोळे पुसत म्हणाली, "जरा दम धरा. औताचा धनी रडायलाय."