कमजोरीचं सलाईन

माझे अब्बा, खाजा मिया, वसमतमध्ये टेलर आहेत. घरात ते दखनी बोलतात. टोमणा मारायचा असला की मराठीवर येतात. त्यामुळे शनिवारी सकाळी चहाचा कप माझ्यापुढे ठेवत त्यांनी मराठीत विचारलं, "काय अलमासबाई, आला का एखादा पेशंट?" तेव्हा मी लॅपटॉपवरून मान वर केली नाही.

"नातेवाईक आलेत," मी म्हटलं.

"म्हंजे वरात आली, नवरी न्हाई."

कॅन्सरच्या पेशंटसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी मी मोबाइलवर चालणारी एक सेवा तयार करते आहे. तिचं नाव 'सोबत'. आधी 'आधार' ठेवणार होते, पण अब्बा म्हणाले, लोक कार्डावरचा पत्ता बदलायला येतील. ज्यांना लिहायचं नाही त्यांनी बोलून प्रश्न विचारायचा. नांदेडची नर्स दिपा आणि मी ठरवून उत्तर देतो, तेही बोलूनच. सुरुवातीला पडद्यावर दोन दारं दिसतात: 'मी पेशंट आहे' आणि 'मी घरचा माणूस आहे'. कुरुंदा आणि हट्ट्याच्या काही घरांत आम्ही ती वापरायला दिली होती. झाडून सगळे दुसऱ्या दाराने आत आले.

पहिलं दार मी अम्मीवरून केलं होतं. डॉक्टरांनी अब्बांना बाजूला बोलावलं, तेव्हा अम्मी त्यांच्या आधी आत जाऊन खुर्चीवर बसली होती. "शरीर माझं आहे, बातमी यांना कशाला?" परतताना तिने अख्ख्या जीपला सांगितलं, मला कॅन्सर आहे. ड्रायव्हरने एका जडीबुटीवाल्याचा पत्ता दिला, तर तिने त्यालाच त्याच्या खोकल्याबद्दल चार गोष्टी सुनावल्या. गेल्या बकरी ईदनंतर ती वारली. तिच्यासारखी माणसं जिल्ह्यात पुष्कळ असतील असं मी धरून चालले होते.

चहा संपायच्या आत एक निरोप आला. मी कानाला हेडफोन लावला. लोकांचं खासगी बोलणं अब्बांनी ऐकायचं नाही, एवढा नियम आमच्या घरात आहे.

"ताई, मी सटवाजी, कुरुंद्याहून. आमच्या मंडळीला, चांगुणाबाईला, डाक्टरनं ते दुखणं सांगितलं. आमी तिला कमजोरी हाय म्हनून सांगून राहिलो. एक सलाईन झालं. सोमवारी दुसरं हाय. अन् ती म्हनते, कमजोरीचं सलाईन कुरुंद्यातबी लावतेत, मंग नांदेडला काहून? आता हिला काय सांगू?"

मला हसू आलं. बाईचा मुद्दा बिनतोड होता. पण त्या मुद्द्यावर ती घरी राहिली, तर केमोचा दुसरा डोस चुकणार होता.

दिपाला फोन लावेपर्यंत दुपार झाली. तेवढ्यात त्याच नंबरवरून दुसरा निरोप आला. या वेळी आवाज बाईचा होता, दबका. मागे शेळी ओरडत होती.

"बाई, माज्या जावंचं इचारायचं हाय. तिला वाईट गाठ हाय. घरचे कमजोरी म्हनतेत, पर तिला समदं म्हाईत हाय. पयल्या सलाईननं लई उलट्या झाल्या. आता केस फणीत येऊन राहिले. हळद शिजवायचे दिवस, रानात गावभरच्या बाया. पदर घसरला तं? न्हाई गेली सलाईनला तं काय व्हईल तिला? खरं सांगजा."

मी तो निरोप पुन्हा ऐकला. ही जाऊ म्हणजे बोलणारी स्वतःच होती. मग माझी चूक मला दिसली. प्रत्येक माणसाला स्वतःचा मोबाइल असतो, असं समजून मी एका नंबरला एकच खातं ठेवलं होतं. कुरुंद्याच्या त्या घरात मोबाइल एक होता आणि गुपितं दोन. नवऱ्याला पाठवलेलं उत्तर बायको ऐकणार, बायकोला पाठवलेलं नवरा. तेही मोठ्या आवाजात.

दिपा म्हणाली, "मग दोघांना चालेल असं एकच उत्तर दे. आणि खोटं काही बोलू नकोस."

ते बोलून पाठवायला मला संध्याकाळ झाली. "डोस चुकवला तर आजाराला पुन्हा जोर धरायला वाव मिळतो, म्हणून सोमवारी जायलाच हवं. उलट्या झाल्याचं डॉक्टरांना आधी सांगा, त्यावर गोळ्या आहेत. केस गेले तरी बहुतेकांचे उपचारानंतर परत येतात. आणि पेशंटला काय माहीत आहे, काय नाही, हे आज तिलाच विचारा." कुणी काय विचारलं होतं, हे मी सांगितलं नाही.

रविवारी दुपारपर्यंत काहीच आलं नाही. मी दुसऱ्या घरांची उत्तरं केली, पण नजर त्या एकाच नंबरकडे जात होती.

"काहून, नवरी रुसली का?" अब्बांनी शिलाई करता करता विचारलं.

"अब्बा, गप्प बसा ना."

त्यांनी टोमणा सोडून मशीन चालू केलं, म्हणजे माझा चेहरा तसा असावा.

संध्याकाळी निरोप आला. कुणीतरी बोलायचं बटण दाबून धरलं होतं आणि सोडायचं विसरलं होतं.

"मला भाऊ न्हाई, बहीन न्हाई. तुला जाऊ कुठून आनली?"

"तुमी कमजोरी आनली तिथूनच."

"तुला तकलीफ नगं म्हनून बोललो नव्हतो."

"अन् तुमी रडत बसाल म्हनून मी! गोठ्यात जाऊन कोन रडतं मंग? शेळ्या?"

मग भांडी आपटल्याचा आवाज.

"चल ना उद्या," सटवाजी म्हणाले.

"येते. पर जीपमधी समद्यायला सांगत बसायचं न्हाई. अन् शिजवनीच्या बायायला मी सांगीन, तुमी न्हाई. डोस्क्याला रुमाल बांधीन, वाफेत तसाबी बांधावाच लागतो."

"बांध की. रुमालात तू बराबर मुकादम दिसती."

"दिसू द्या. हे बटन काहून लाल झालं वो?"

तिथे निरोप तुटला. मी हेडफोन काढून ठेवला. अम्मीला हे भांडण फार आवडलं असतं. तिने चांगुणाबाईंची बाजू घेतली असती.

सोमवारी सकाळी पुन्हा तोच नंबर. मागे ट्रकचे हॉर्न.

"बाई, मी चांगुणा. आमी वारंगा फाट्यावर हाओत. हितली खिचडी लई नावाची हाय म्हनतेत. सलाईनच्या आदी खाल्ली तं चालंल का मला? लवकर सांगा, गरम हाय."

आमच्या नियमाप्रमाणे उत्तर दिवसभरात द्यायचं असतं. मी लगेच दिपाला फोन लावला. ती वॉर्डात होती, हसली आणि म्हणाली, "खाऊ दे थोडी. तिखट नको म्हणावं, तळलेली मिरची नको."

मी तसं बोलून पाठवलं.

लगेच उत्तर आलं. आवाज भरल्या तोंडाचा होता.

"मिरची ह्यायच्या ताटात टाकली. आता जीप निघाली, सलाईन झालं की सांगते."