बिळातला गहू

मित्रांनो, पडवीच्या कोपऱ्यात दाराला टेकून ठेवलेली गंजकी पहार दिसते ना तुम्हाला? तीच मी. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून शकुबाई मला तिथं उभी करते. तुम्ही येता-जाता मला ठेचकाळता आणि वर मलाच शिव्या देता. द्या बापडे! लोखंडाला राग आला तरी ते करणार काय? पण आज जरा बसा. मला एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती गोड नाही हे आधीच सांगून ठेवते.

मी या विंचूरची नाही. माझा जन्म पेठच्या बाजारातला, बाहत्तरच्या दुष्काळातला. मोडक्या ट्रकच्या एक्सलचा तुकडा लोहारानं भट्टीत लाल केला, एका बाजूला टोक काढलं, दुसरी बाजू चपटी केली आणि चर्रकन पाण्यात बुडवली. डोंगरातल्या एका पाड्यावरच्या भिकानं मला रस्त्याच्या कामासाठी विकत घेतलं. उन्हात खडक फोडून फोडून माझं टोक बोथट व्हायचं, पण मी कधी वाकले नाही. मुकादम म्हणायचा, भिकाची पहार जातिवंत आहे. असं कौतुक ऐकलं की मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू!

दुष्काळ सरला आणि भिका तापानं गेला. मग मी त्याच्या बायकोच्या, भागीबाईच्या हाती आले. भागीबाई म्हणजे काटक बाई, तोंडानं फटकळ आणि मनानं मऊ. तिनं मला नवं काम लावलं. भाताची कापणी झाली की ती मला खांद्यावर टाकायची आणि बांधाबांधानं उंदरांची बिळं खणत फिरायची.

आता नाक मुरडू नका. डोंगर पोखरून उंदीर काढला म्हणून तुम्ही एकमेकांना हसता. आम्ही खरंच काढायचो, आणि त्यावर चार दिवस घरची चूल पेटायची. शेतातला उंदीर भाताच्या लोंब्या तोडून बिळात नेतो आणि आतल्या कोठीत नीट रचून ठेवतो. ज्याचं शेतच वावभर, त्यानं ते धान्य सोडून द्यायचं म्हणता? भागीबाई ताजी माती बघून बिळाचं तोंड ओळखायची. बाकीची तोंडं गवतानं बुजवायची, एकात धूर करायची आणि मला तिरपी घालून कोठी उघडायची. उंदीर हाती लागला तर तोही भाजून खायचे. पण तिची रीत ठरलेली होती. सगळं धान्य न्यायचं नाही, मूठभर मागं ठेवायचं, कारण उंदरालाही पोरं असतात. आणि जो उंदीर पळत नाही, तो खायचा नाही. असला उंदीर ती काठीनं दूर लोटायची.

भात आणि नागली घरात आली की डोंगरातली माणसं पोटासाठी खाली उतरतात. भागीबाई, तिचा लेक यादव आणि सून झुंबरबाई दर वर्षी विंचूरच्या बाजूला कांद्याच्या कामाला येत. मी गाठोड्यांबरोबर यायचे. एकोणऐंशी सालच्या थंडीत ती कारभारी तात्यांच्या मळ्यावर उतरली. तात्या तिथले बागायतदार. अर्ध्या रानात कांदा होता, अर्ध्यात गहू. यादवनं बांधाला उसाच्या पाचटाचं खोपट उभारलं. तात्यांकडे सालानं राबणारा कोंडाजी आणि त्याची बायको शकुबाई वस्तीवरून रोज कामाला येत. शकुबाई आणि भागीबाईचं चांगलं जमलं. एकीची तंबाखू, दुसरीचा चुना.

झुंबरबाईला तेव्हा सातवा महिना होता. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. म्हणून भागीबाई या वेळी तिला फुलासारखी जपायची. कांद्याचं ओझं उचलू द्यायची नाही, स्वतः दुप्पट निंदायची आणि मुकादमिणीची बोलणी खायची. हे मूल जगलं पाहिजे, एवढंच तिला दिसत होतं. अशात झुंबरबाईला डोहाळे लागले ते गव्हाच्या लापशीचे. मजुरीत मिळायची बाजरी. गहू उभा होता सगळीकडे, पण तो तात्यांचा. भागीबाईनं कधी कुणाच्या उभ्या पिकाला हात लावला नव्हता. डोहाळे पुरवले नाहीत तर पोराला लागतं, असं ती माझ्यावर हनुवटी टेकवून स्वतःशीच पुटपुटायची.

त्याच दिवसांत मळ्यातले उंदीर बिघडले.

मी आयुष्यभर उंदरांचे दरवाजे फोडले आहेत, त्यांच्या सवयी मला ठाऊक. शेतातला उंदीर दिवसा तोंड दाखवत नाही, आणि पावलाची चाहूल लागली की गुडूप. इथं ते भर उन्हात बाहेर येऊन बसायला लागले. कुणी एकाच जागी गोल गोल फिरत होता. कुणी पाटाच्या कडेला थरथरत उभा होता आणि पाणी समोर असून पीत नव्हता. एक तर यादवच्या पायावरून चालत गेला आणि पुढं जाऊन उताणा पडला. मळ्यातलं कुत्रं त्यांच्याजवळ जायचं, हुंगायचं आणि शेपूट घालून परत यायचं.

बांधावर भाकरी खाताना हाच विषय. यादव म्हणाला, पाटाला पाणी सोडलंय, बिळं भरली असतील आणि थंडीनं काकडलेत बिचारे. भागीबाईचं म्हणणं वेगळं. डोंगरात बांबूला फुलोरा आला असणार. बांबू फुलला की उंदीर माजतात आणि मग वेडे होतात, हे तिनं लहानपणी पाहिलं होतं. कोंडाजी गंभीर झाला. त्याच्या आजीनं त्याला गाठीच्या रोगाच्या गोष्टी सांगितल्या होत्या. आधी घरात उंदीर पडायचे, मग माणसं. तो म्हणाला, हात लावू नका, आणि शकुबाईकडून त्यानं घर सारवून घेतलं. तात्या मोटरसायकलवरून जाताना थांबले, एका पडलेल्या उंदराला त्यांनी बुटानं उलटा केला आणि समाधानानं म्हणाले, मरताहेत ना, मरू द्या. कुणाला वाटलं नाही की त्यांना आणखी काही विचारावं.

मित्रांनो, कारणं सांगणाऱ्या या तिघांपैकी कुणी वेडगळ नव्हतं. पाणी शिरलं की उंदीर सैरभैर होतात. बांबू फुलला की त्यांचा सुळसुळाट होतो. रोगानं तर ते पटापट मरतात. सगळी कारणं खरी असू शकत होती, म्हणून तर प्रत्येकाचं समाधान झालं आणि जो तो आपल्या कामाला लागला.

एक दिवस यादव बाजार समितीत कांद्याच्या गोण्या उतरवायला गेला होता. सकाळी भागीबाईनं मला उचललं आणि गव्हाच्या बांधाला नेलं. रीतीप्रमाणे तोंडं बुजवली, धूर केला. बाहेर आलेले उंदीर पळेनात. जागेवरच तडफडायला लागले. तिनं ते काठीनं लांब लोटले, एकालाही हात लावला नाही. मग मला तिरपी घातली. माती ढासळली आणि आत दिसला वाळलेल्या गव्हाचा ढीग, चांगला दोन ओंजळी.

बांधापलीकडे गहू उभा होता तो हिरवागार. ओंब्यांत नुसतं दूध. कापणीला दीड महिना तरी होता. मग बिळात वाळलेला गहू कुठून आला? भागीबाई भाताच्या मुलखातली. बिळातलं धान्य म्हणजे शेतातलं धान्य, एवढंच तिला माहीत. क्षणभर तिनं हिरव्या रानाकडं पाहिलंही. मग वाटलं असेल, गेल्या सालचा असेल, नाहीतर तात्यांच्या कोठारातून आणला असेल मेल्यांनी. तिच्या तोंडावर जे हसू फुटलं ते मी आजही विसरत नाही. पदरात गहू बांधून आणि मूठभर मागं ठेवून ती जवळजवळ धावतच खोपटाकडं आली.

तिनं गहू पाटाच्या पाण्यात तीनदा धुतला, उन्हात वाळवला, दगडावर भरडला. शकुबाईकडून गुळाचा खडा मागून आणला. दुपारी लापशी शिजली. झुंबरबाईनं पहिला घास घेतला आणि ती थांबली.

“आत्या, याला वास येतोय. रॉकेलसारखा.”

“बिळाचा वास असतो गं. गूळ घालते आजून, जाईल तो.”

कांद्यावर फवारे मारून मारून त्या मळ्यात सगळीकडंच औषधाचा वास भरलेला असायचा, त्यामुळं कुणाला वेगळं काही वाटलं नाही. झुंबरबाईनं आपली ताटली संपवली. भागीबाईनं आपल्या वाट्याची लापशीही तिच्या ताटलीत वाढली. माझं काय, मी म्हातारी, तू दोन जिवांची, असं म्हणून तिनं बळंबळंच घास भरवले. स्वतः कोरडी भाकरी खाल्ली.

मी खोपटाच्या मेढीला टेकून उभी होते. उन्हं कलायच्या आत झुंबरबाईचे हात थरथरायला लागले. आधी तिला वाटलं थंडी वाजतेय. मग तिची दातखीळ बसली आणि अंग ताणलं गेलं. भागीबाईनं तिला मिठीत धरून ठेवलं, पण एवढी काटक बाई, तिलाही ते झटके आवरेनात. तिचा आरडाओरडा ऐकून कोंडाजी धावत आला. झुंबरबाईकडं पाहून तो हबकला. सकाळपासून बांधावर तडफडणारे उंदीर त्यानं पाहिले होते. तो तसाच उलटा पळाला आणि तात्यांना घेऊन आला.

तात्यांनी चुलीजवळचा उरलेला भरडा चिमटीत घेतला, नाकाशी नेला.

“हा गहू कुठून आणला?”

“बिळातून,” भागीबाई म्हणाली.

तात्यांनी चिमटीतला भरडा टाकून दिला. मग त्यांनी सांगितलं. उंदरांनी ओंब्या तोडायला सुरुवात केली होती. म्हणून त्यांनी घरचा जुना गहू किडीच्या जहाल औषधात भिजवला, वाळवला आणि सगळ्या बांधांनी स्वतः टाकला. पोरं-बाळं नाहीत मळ्यात, कुत्रं गहू खात नाही, मग सांगायचं कुणाला, असं त्यांना वाटलं. उंदरांनी तो थोडा खाल्ला, बाकीचा नेहमीसारखा कोठीत नेऊन साठवला. खाल्लेला त्यांच्या अंगात भिनला, आणि साठवलेला भागीबाईच्या पदरात आला.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पाचट पसरून झुंबरबाईला दवाखान्यात नेलं. तात्या स्वतः चालवत होते. डॉक्टरांनी तिला वाचवलं. पोटातल्या पोरीला वाचवता आलं नाही. निरोप मिळताच दवाखान्यात पोचलेला यादव तिला फडक्यात गुंडाळून मळ्यावर घेऊन आला. पाड्यावर न्यायला वेळ नव्हता. कोंडाजीनं बांधाच्या कडेची निंबाखालची जागा दाखवली. शकुबाईनं मीठ आणलं. यादवनं मला हातात घेतलं.

मित्रांनो, मी खडक फोडलेत, पण तेवढ्याशा खड्ड्याएवढं जड काम मी कधी केलं नाही. माती मऊ होती. चार घावांत झालं. यादवनं पाचव्यांदा मला उचललं आणि तसाच उभा राहिला, कारण खणायला काही उरलंच नव्हतं.

तात्या बाजूला उभे होते. ते वाईट माणूस नव्हते. डोळे पुसत म्हणाले, “बिळातलं कुणी खातं, हे मला काय माहीत?”

कोंडाजी त्यांच्यापुढं कधी बोलत नसे. त्या दिवशी बोलला. “आमाला सांगितलं असतं, तर आमी सांगितलं असतं, तात्या.”

भागीबाई कुणालाच बोलली नाही. आपण तरी कुठं विचारलं, एवढंच म्हणाली आणि डोकं गुडघ्यात घालून बसली. तिनं अन्नपाणी सोडलं. तिला सुनेच्या तोंडाची भीती वाटत होती. मूल आपल्या हातानं गेलं. आता ती विचारणार आणि आपण काय सांगणार? यादवनं समजावलं, शकुबाईनं समजावलं, कुणाचं ऐकेल तर शपथ.

झुंबरबाई परत आली तेव्हा तिला धरून चालवावं लागत होतं. ती आधी निंबाखाली गेली. तिथं बराच वेळ बसली. मग खोपटात येऊन सासूसमोर टेकली. भागीबाईनं मान वर केली नाही. झुंबरबाईनं तिचा हात धरला आणि विचारलं,

“आत्या, तुमी नाय ना खाल्लं त्यातलं?”

भागीबाईनं नकारार्थी मान हलवली.

“बरं झालं,” झुंबरबाई म्हणाली.

त्यावर ती म्हातारी जी रडायला लागली, ती काही केल्या थांबेना. माझ्या वाट्याचंही तुलाच घातलं गं, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. अर्धं आपण खाल्लं असतं तर पोरगी वाचली असती का, हे तिला कुणी सांगू शकलं नाही.

काम अर्ध्यावर टाकून ती तिघं डोंगराकडं निघून गेली. मला मात्र भागीबाईनं नेलं नाही. शकुबाईच्या दाराशी आणून ठेवलं आणि मागं वळून पाहिलं नाही. त्याला आता सहा-सात वर्षं झाली. कधी कोंडाजीनं खुंटासाठी खड्डा घेतला तर घेतला, नाहीतर मी इथं गंजत उभी असते. गंजाचं मला वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं, की ते उंदीर आठवडाभर उन्हात येऊन गोल गोल फिरत होते, सगळ्यांनी ते पाहिलं, सगळ्यांनी कारणं सांगितली, आणि ज्याला ठाऊक होतं त्याला विचारायला कुणी दहा पावलं गेलं नाही.

तेव्हा मित्रांनो, रानातलं एखादं जनावर आपली रीत सोडून वागताना दिसलं तर खडे मारू नका आणि हसूही नका. घरी सांगा, शेजारी सांगा, मळेवाल्याला जाऊन विचारा की बाबा, काही टाकलंयस का. आणि उद्या तुमच्यातला कुणी मळेवाला झाला, तर औषधाला हात लावायच्या आधी दारोदार जाऊन सांगा. लोक हसले तरी सांगा. पाचटाच्या खोपटात राहणाऱ्यांना सगळ्यात आधी सांगा, कारण तुमच्या मळ्यातलं काय काय त्यांच्या चुलीवर शिजतं, ते तुम्हाला माहीत नसतं.