अठरा दिवस बाहेरची

उज्वलाला बाहेर बसवल्याचा तेरावा दिवस होता. तिच्या सासूनं, साळूबाईंनी, गोळ्यांचं पाकीट दोन बोटांत, मेलेला उंदीर धरावा तसं धरून मुलापुढे नाचवलं.

"शेखर, ह्या औषधानं घर बाटवलं! आधी चार दिवसांत उरकायचं. आता रोज डाग! देवाला दिवा कोणी लावायचा?"

सातपूरच्या कंपनीतून नुकताच आलेला शेखर मोबाईलमधून मान वर न काढता पडवीतल्या बायकोला म्हणाला, "आई म्हणते तर बंद कर ना गोळ्या."

दुसऱ्या बाळंतपणात उज्वलाचं रक्त सातवर आलं होतं. तीन वर्षं दिवस जाऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी शेखरच्या तोंडावर सांगून या गर्भनिरोधक गोळ्या दिल्या होत्या. तो ते विसरला. साळूबाईंनी पाकीट चुलीत टाकलं.

नाशिकजवळच्या या मळ्यात नियम कडक. डाग दिसला की चार दिवस बाहेर. पुन्हा दिसला की पुन्हा चार. स्वयंपाकघर, देवघर बंद. झेंडूच्या वावरात पाऊल नाही, कारण फुलं देवाला जातात. भांडी, गोठा, कंपनीचे मळके कपडे मात्र चालायचे. विटाळालाही सोय कळते, नाही का?

उज्वला तडक आरोग्य केंद्रात गेली. सुवर्णा सिस्टरांनी रक्तदाब पाहिला, नवं पाकीट दिलं.

"अगं, पहिले दोन-तीन महिने मधेच डाग पडतात काहींना. शरीर रुळायला वेळ घेतं. रोज ठरल्या वेळी गोळी घ्यायची, मनानं सोडायची नाही. रक्त जास्त जायला लागलं, किंवा तीन महिन्यांनीही थांबलं नाही, तर लगेच ये. डाग केवढा पडतो?"

"मोहरीएवढा."

"आणि मोहरीएवढ्या डागासाठी अख्खी बाई बाहेर? बसतेस तू?"

"बसते ना सिस्टर. आता नीट बसणार आहे."

आणि ती बसली! भांड्यांना हात नाही, गोठ्यात पाय नाही. "आत्याबाई, मी शिवले तर बाटेल ना!" भांडी-गोठाही अंगावर पडलेल्या साळूबाईंच्या हातची करपलेली पोळी शेखर दोन दिवस डब्यात नेत होता. गाईनं साळूबाईंना लाथ झाडली. उज्वलाला ते गोड लागलं. का लागू नये?

अठराव्या दिवशी, दसऱ्याच्या आदल्या सकाळी, वावरभर झेंडू तोडायला आला होता. सगळ्यांचेच मळे भरलेले, मजूर मिळेना. देवळातल्या हारांना यांचीच फुलं नेणाऱ्या शेजारच्या चिमणाबाई बांधावरून बघत होत्या.

साळूबाई हळूच म्हणाल्या, "चल गं, चार कॅरेट भर. कोण बघतंय?"

"देव बघतो ना, आत्याबाई!" उज्वला मुद्दाम मोठ्यानं म्हणाली. "चिमणाबाईंना तुम्हीच सांगता, आमच्या फुलांना विटाळ नाय म्हणून!"

साळूबाईंचं तोंड उतरलं. शेखर रजा टाकून वाकला. दुपारपर्यंत दोघांची कंबर धरली, तरी निम्मं वावर तसंच. उद्यानंतर ती फुलं कोण विचारणार?

शेवटी साळूबाई पडवीत येऊन सुनेशेजारी टेकल्या. चक्क चिकटून.

"शेखर झाल्यावर मला पण असंच व्हायचं. वीस-वीस दिवस. तापात पडले होते, तर सासू पाणी लांबून ओतायची. लय राग यायचा. तिला काय बोलता आलं नाय... आणि तुझ्यावर काढला बघ."

उज्वलाचे डोळे भरले. पण ती उठली नाही.

"हे मला कशाला सांगता? चिमणाबाईंना सांगा. आणि अहो, तुम्ही! गोळ्या कशासाठी चालू आहेत, तेही सांगा."

शेखर घाम पुसत, कसाबसा म्हणाला, "हिचं रक्त कमी आहे, आई. पुन्हा दिवस गेले तर हिचा जीव जाईल. मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं."

साळूबाई बांधावर जाऊन उभ्या राहिल्या.

"चिमणाबाई! माझी सून पाळीत फुलं तोडणार हाय! घरात पण येणार, चुलीला पण शिवणार! चालत नसंल तर आमची फुलं घेऊ नको!"

चिमणाबाई म्हणाल्या, "घेते की. माझी सून पूजा पण दोन दिवस बाहेर बसलीय. बोलावते तिला, तोडू लागेल."

बायांनो, आणि त्यांच्या नवऱ्यांनो, पाळी गोळ्यांनी बदलो नाहीतर आपोआप, ती तब्येतीची गोष्ट आहे. तिचं उत्तर दवाखान्यात विचारायचं, पडवीत नाही. आणि आपल्या सासूनं दिलेली शिक्षा सुनेला देऊन सूड पुरा होत नाही. तो पुरा करायचा तर ती शिक्षाच मोडायची!